घोड्याला चौथे वर्ष हवे

शाळामास्तराने घोड्यांच्या शर्यतींवर लिहावे हेच काहींना खपणार नाही. आपल्याकडे ‘रेस’ हा शब्द उच्चारला की लोकांना आधी गहाण पडलेले दागिने दिसतात. घोडा दिसतच नाही. अशा वाचकांना एवढेच सांगतो, की मी आजवर एका पैशाचीही पैज लावलेली नाही. जुगारावर ज्यांना व्याख्यान द्यायचे असेल त्यांनी ते खुशाल द्यावे. माझे भांडण निराळ्याच मंडळींशी आहे. ते घोड्यांच्या मालकांशी आहे, आणि त्याहून अधिक माझ्यासारख्याच शौकिनांशी आहे.

अमेरिकेतल्या वसंत ऋतूतील शर्यती मी गेली कित्येक वर्षे नेमाने पाहतो. केंटकी डर्बी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी, तिथल्या संध्याकाळी सुटते. तेव्हा आपल्याकडे रविवारची पहाट, साडेचारचा सुमार असतो. शाळेला सुट्टी असते, घरातली मंडळी गाढ झोपेत असतात, आणि मी आवाज बंद करून पाहत बसतो. पण डर्बी म्हणजे दोन मिनिटांचा मामला. खरी गोडी त्याआधीच्या तीन महिन्यांत आहे. फेब्रुवारीपासून लुइझियाना, फ्लोरिडा, आर्कान्सा, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया अशा ठिकठिकाणी तीन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यती होतात. २०१३ सालापासून त्यांत गुण मिळवावे लागतात आणि डर्बीच्या रांगेत फार तर वीस घोडे उभे राहतात.

हे तीन वर्षांचे घोडे म्हणजे नववीतली पोरे. अंगापिंडाने वाढलेली, पण अकलेचा भरवसा नाही. फेब्रुवारीत एखादा घोडा वळणावर बावचळतो, पुढच्याच्या टापांनी उडालेली माती तोंडावर आली की मान वर करतो आणि मागे पडतो. तोच घोडा एप्रिलात माती खात, कठड्याला लागून, दोन घोड्यांच्या फटीतून पुढे निघतो. मधल्या सहा आठवड्यांत काय घडले ते कुठल्याच कोष्टकात सापडत नाही; ते डोळ्यांनीच पाहावे लागते. शिवाय एक गंमत आहे. उत्तर गोलार्धातल्या सगळ्या थरोब्रेड घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीलाच धरतात. म्हणजे मेमध्ये जन्मलेला आणि जानेवारीत जन्मलेला एकाच वयाचे ठरतात. शाळेत पहिलीच्या वर्गात जे होते तेच इथेही होते. उशिरा जन्मलेला मागे राहतो, आणि ‘मंद’ म्हणून त्याच्यावर शिक्का बसतो. त्याला आणखी एक वर्ष मिळाले, तर पुष्कळदा तोच वर्गाच्या पुढे जातो.

पण ते वर्ष मिळत नाही, हीच तर माझी तक्रार आहे. मागे पडलेल्याला मिळत नाही ते एक वेळ समजू. पण पहिला आलेल्यालाही ते मिळत नाही!

डर्बी, तिच्यानंतर प्रीकनेस आणि शेवटी बेलमाँट या तिन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकणाऱ्याला ‘ट्रिपल क्राउन’चा मान मिळतो. १९१९ च्या सर बार्टनपासून २०१८ च्या जस्टिफायपर्यंत तेरा घोड्यांनी तो मिळवला. जस्टिफायची पहिली शर्यत १८ फेब्रुवारी २०१८ ला झाली आणि शेवटची ९ जूनला. एकशे अकरा दिवस, सहा शर्यती, सहाही विजय. संपले. पायाला सूज आहे असे कारण त्या जुलैत सांगण्यात आले. ते खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण पाय बरा होईपर्यंत थांबून पुढच्या वर्षी त्याला पुन्हा मैदानात उतरवावे, असा विचार कोणाच्या मनाला शिवला असेल यावर माझा विश्वास नाही. त्याचा हिशेब पाहा. थरोब्रेडच्या पैदाशीत कृत्रिम रेतन चालत नाही. घोडी घोड्यापाशी न्यावीच लागते. पहिल्या हंगामात जस्टिफायची फी एका घोडीमागे दीड लाख डॉलर होती, आणि घोड्या आल्या त्या अडीचशेच्या घरात. २०१८ च्या डर्बीत सगळ्या घोड्यांना मिळून वाटलेले बक्षीस होते वीस लाख डॉलर. म्हणजे चौदा घोड्यांच्या फीत एक डर्बी भरून निघते, आणि तीही पाय मोडण्याची भीती न बाळगता! मग कोण कशाला धाववील?

हे आजचेच आहे असे नाही. ज्याचे नाव घेताना शौकिनांचे डोळे आजही पाणावतात, तो सेक्रेटेरियट १९७३ साली बेलमाँट एकतीस लांबींनी जिंकला. पण त्या वसंतापूर्वीच तो साठ लाखांहून अधिक डॉलरांना भागीदारीत विकला गेला होता, आणि वर्षअखेर त्याने शर्यती सोडायच्या हे तेव्हाच कागदावर ठरले होते. मालकिणीचे वडील नुकतेच वारले होते, वारसाकराचा बोजा होता. तिला मी दोष देत नाही. पण त्याच डर्बीत चौथा आलेला घोडा कोण होता? फोरगो. तो खच्ची केलेला होता. पैदाशीच्या बाजारात त्याची किंमत शून्य, म्हणून त्याला धावू दिले. तो १९७८ पर्यंत धावला, १९७४ पासून लागोपाठ तीन वर्षे अमेरिकेतला सर्वोत्तम घोडा ठरला, आणि १९७६ साली पाठीवर १३७ पौंड घेऊन मार्लबरो कप जिंकला. केल्सोही खच्चीच, १९६० ते १९६४ अशी पाच वर्षे त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालली नाही. म्हणजे या धंद्यात घोड्याला पुरते आयुष्य धावायचे असेल, तर त्याने आधी खच्ची व्हावे!

आणि मालकांनी मनावर घेतले तर काय पाहायला मिळते, तेही ऐका. १९७७ चा विजेता सिअ‍ॅटल स्ल्यू चौथ्या वर्षीही धावला, म्हणून १९७८ च्या मार्लबरो कपमध्ये तो त्या वर्षीच्या विजेत्या अफर्म्डसमोर उभा राहिला आणि जिंकला. ट्रिपल क्राउनचे दोन मानकरी समोरासमोर येण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी चार वर्षांच्या अफर्म्डने तीन वर्षांच्या स्पेक्टॅक्युलर बिडला हरवले. आणि १९८० साली हाच बिड चार वर्षांचा झाल्यावर नऊच्या नऊ शर्यती जिंकला. शेवटच्या शर्यतीत त्याच्यासमोर यायला कोणी तयार होईना, तेव्हा तो मैदानात एकटाच धावला. मी कादंबऱ्या लिहितो. तिसऱ्या प्रकरणात नायकाला संपत्ती देऊन घरी बसवले तर वाचक माझी पुस्तके विकत घेणार नाहीत. इथे दरसाल तेच होते आणि आम्ही टाळ्या वाजवतो.

मालकांचे उत्तर मला ठाऊक आहे: घोड्याच्या जिवाला आम्ही जपतो. २००६ च्या प्रीकनेसमध्ये बार्बारोचा पाय मोडला, २००८ च्या डर्बीत दुसरी आलेली एट बेल्स तिथेच मैदानात मरण पावली, हे विसरलात काय? विसरलो नाही. पण ती दोन्हीही तीन वर्षांची होती! जिवाला इतके जपता, तर ऐन त्याच मार्च-एप्रिलात फ्लोरिडाच्या लिलावात दोन वर्षांच्या कोवळ्या पोरांना गिऱ्हाइकांसमोर दहा सेकंदांत फर्लांग पळायला कोण लावते? जपणूक दिसते ती किंमत आल्यानंतरची. आणि जे घोडे पुरते कसाला लागलेच नाहीत, त्यांचीच बेसुमार प्रजा वाढवल्यावर काटकपणा यायचा कुठून? १९६० साली अमेरिकेत एक घोडा वर्षाला सरासरी अकरा शर्यती धावे; हल्ली सहाच्या आसपास धावतो. याला कारणे अनेक आहेत, हे मान्य. पण हे एक कारण नाहीच, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

तिथल्या जॉकी क्लबने २०२० साली एक नियम केला होता: त्या वर्षापासून जन्मलेल्या घोड्याने वर्षाला १४० हून अधिक घोड्या घेऊ नयेत. बडे पैदासवाले कोर्टात गेले आणि २०२२ च्या फेब्रुवारीत क्लबने तो नियम गुंडाळून ठेवला. त्या वेळी आम्ही शौकीन काय करत होतो? डर्बीला कोण जिंकणार याची गणिते.

माझी मागणी साधी आहे. ज्या घोड्याने चौथ्या वर्षी मैदान पाहिले नाही, त्याच्या संततीला डर्बीत घेऊ नये. दुखापत झालेल्याला सूट द्या, पण दाखला मालकाच्या नव्हे, परक्या डॉक्टरचा घ्या. हेही कोर्टात अडणार असेल, तर निदान शर्यतीच्या पत्रकात घोड्याच्या बापाच्या नावापुढे तो आयुष्यात किती वेळा धावला तो आकडा छापा. जस्टिफायच्या पोरांपुढे तो सहा असेल.