झाडीपट्टीचे कलावंत शाळेत आणा



शाळकरी मुलांच्या मानसिक आरोग्याची चर्चा समुपदेशक आणि हेल्पलाइनपाशी येऊन थांबते. दोन्ही हवेत, पण ती मूल खचल्यानंतरची सोय झाली. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के आढळले. इतक्या मुलांना पुरतील एवढे तज्ज्ञ शहरांतही नाहीत, तिथे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्याची, म्हणजे झाडीपट्टीची, काय कथा! म्हणून खचण्याआधीचे पाहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ३,०००हून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. कला आजार टाळण्यास हातभार लावते आणि उपचारालाही जोड देते, असे त्यातून पुढे आले. आपल्याकडे अशी कला दारातच आहे: झाडीपट्टीची नाटके आणि दंडार, खडीगंमत ही लोकनाट्ये. झाडीबोली, गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलाला वर्गात ‘शुद्ध बोल’ म्हणून टोकले, की ते बोलणेच टाळू लागते. दंडार आणि खडीगंमतीत हीच झाडीबोली टाळ्या घेते. ज्या बोलीची लाज वाटते, तिला मंचावर मान मिळाला तर मुलाला स्वतःचाही मान वाटू लागेल.

शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत १००हून अधिक मुले असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक सांगितला आहे. ते काम झाडीपट्टीच्या कलावंतांना द्यावे. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक मंडळ्यांचा हंगाम दिवाळी ते होळी. धानाची रोवणी आटोपल्यापासून दिवाळीपर्यंत त्यांना सवड असते आणि तेव्हाच शाळेचे पहिले सत्र भरात असते. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री देऊन शासनाने या कलेला मान दिला. आता तिला तासिका द्यावी.

यावर तीन आक्षेप येतील. नाटकाने नैराश्य बरे होत नाही, हा पहिला. तो खराच आहे; आजारी मुलाला डॉक्टरच हवा, आणि ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक शाळेत लावलेला असावा. अभ्यास बुडेल, हा दुसरा. दहावीला चित्रकला व लोककलेचे वाढीव गुण आधीच मिळतात, पण गुण आले की कलेचीही परीक्षा होते. म्हणून हा तास बिनगुणांचा, आठवड्यातून एकदाच असावा. झाडीपट्टीत आता द्वयर्थी विनोद शिरलेत, हा तिसरा. मुलांनी तिकिटाचे नाटक बसवायचे नाही. आपल्या गावाचे, आपल्या प्रश्नांचे नाटक स्वतः रचायचे आहे. चंद्रपूर व गडचिरोली जिल्हा परिषदांनी आणि बल्लारपूर नगर परिषदेने येत्या सत्रात निवडक शाळांत हा प्रयोग करावा आणि मुलांची उपस्थिती व वर्गातले बोलणे किती वाढले, हे वर्षअखेरीस जाहीर करावे.

– एक वाचक, बल्लारपूर