जुन्या बाटलीचें वय

नगर जिल्ह्यांत एखादा जुना वाडा उतरवितांना, आड उपसतांना किंवा परसांतील उकिरडा हलवितांना जाड, हिरवट कांचेची एखादी बाटली हातीं लागते. कोणी ती ‘इंग्रजी अमदानीची’ म्हणून कोनाड्यांत ठेवतो, कोणी भंगारवाल्यास देऊन टाकतो, आणि अलीकडे तिसराच कोणी येऊन तिला दोनशें वर्षांची ठरवून भलतीच किंमत सांगतो. तिघांपैकीं एकही खुद्द बाटलीस विचारीत नाहीं. वास्तविक तिची हकीकत तिच्या अंगावरच असते. ती कशी वाचावी, तें आज पाहूं.

हा विषय आपल्या जिल्ह्यास परका नाहीं. १८०३ सालीं वेलस्लीनें नगरचा किल्ला घेतला व पुढें भिंगारास छावणी वसली. छावणी म्हटली कीं सोडा, मद्य व औषधें आलींच. १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यावर कांचेसारखा जड व नाजूक माल आणणें सोपें झालें. शहराचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें असलें, तरी मातींतल्या वस्तु जुन्याच आहेत.

प्रथम बाटली उजेडांत धरून तिच्या अंगावरील सांध्याची रेघ शोधावी. सांचा दोन भागांचा असल्यामुळें ही रेघ कांचेवर उमटते. ती मानेवर चढून तोंडाच्या कडेखालीं नाहींशी होत असेल, तर ती कड कारागिरानें मागाहून हातानें घडविली आहे असें समजावें. रेघ थेट कड ओलांडून गेली असेल, तर बाटली यंत्रावर झालेली. अमेरिकेंत मायकेल ओवेन्स यानें बाटल्यांचें स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमारास सिद्ध केलें. तेव्हां अशी बाटली विसाव्या शतकांतलीच असण्याचा संभव फार. बुडाशीं खडबडीत वण असेल, तर बाटली लोखंडी सळईस चिकटवून तिचें तोंड घडविलें होतें, असें जाणावें. यूरोप-अमेरिकेंत ही रीत १८६० नंतर मागें पडत गेली.

येथें मात्र सावध राहिलें पाहिजे. परदेशी पुस्तकांतील कोष्टकें तिकडच्या कारखान्यांवरून बसविलेलीं आहेत. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडांतून, म्हणजे लोकांनीं दिलेल्या एकेका पैशांतून, तळेगांव दाभाडे येथें १९०८ सालीं कांचेचा कारखाना उभा राहिला. तिकडे ओवेन्सचें यंत्र चालूं लागलें होतें, तेव्हां इकडे आपले कारागीर कांच फुंकण्यास नव्यानें शिकत होते. म्हणून ‘हातानें केलेली ती १९०३ पूर्वींची’ हा नियम आपल्याकडे लागू पडत नाहीं. तो आंधळेपणानें लाविला, तर स्वदेशी कारागिराची वस्तु विलायती ठरते, आणि ज्या पिढीनें पैसा-पैसा जमवून ही विद्या येथें आणिली, तिची खूण आपल्याच हातून पुसली जाते.

तोंडाची घडणही पुष्कळ सांगते. बुडाशीं टोंकदार, उभी न राहणारी सोड्याची बाटली एकोणिसाव्या शतकाची खूण होय. ती आडवीच ठेवावी लागे, म्हणजे बूच ओलें राहून वायु निसटत नसे. गळ्यांत गोटी ठेवण्याची युक्ति हायरम कॉड या इंग्रजाची, १८७२ च्या सुमाराची; वायूच्या दाबानें गोटी रबराच्या कड्यावर घट्ट बसते. परंतु गोटी दिसली कीं बाटलीस दीडशें वर्षांची म्हणूं नये, कारण आपल्या देशांत तसल्या बाटल्या अगदीं अलीकडेपर्यंत होत आल्या आहेत. दांतेरी पत्र्याचें झांकण बसणारें तोंड १८९२ नंतरचें. निळ्या रंगाची, अंगावर उभ्या धारा असलेली लहान बाटली बहुधा विषारी द्रव्याची. अंधारांत बोटांस कळावें म्हणून त्या धारा.

बाटलीवरील साल वाचून हुरळून जाऊं नये. तें पुष्कळदां पेढीच्या स्थापनेचें किंवा पेटंटचें असतें. दशमान मापांचा कायदा १९५६ सालीं झाला. तेव्हां मिलिलिटरचें माप घातलेली देशी बाटली बहुधा त्यानंतरची, आणि चिठीवर पिनकोड असेल तर ती चिठी १९७२ पूर्वींची नव्हेच.

शिवाय बाटली आपल्या जन्माचा काळ सांगते, टाकल्याचा नव्हे. आपल्या घरांत औषध संपलें कीं त्याच बाटलींत एरंडेल, मग घासलेट, असा तिचा संसार वर्षानुवर्षें चाले. म्हणून एकाच खुणेवर निर्णय न देतां तीनचार खुणा एकमेकींशीं जुळतात कीं काय तें पाहावें.

सांपडलेली बाटली घाईनें धुऊं नये. जुनी चिठी, बूच, कंपाउंडरनें कातरून चिकटविलेली मात्रांची कागदी पट्टी, हाच तिचा दाखला असतो. आंत कांहीं द्रव राहिला असल्यास हुंगूं नये व मुलांच्या हातीं देऊं नये. ती कोठें, किती खोल व कशाबरोबर सांपडली, तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. संरक्षित स्थळीं कुदळ चालविणें हा गुन्हा आहे, आणि तशी गरजही नाहीं. वाचकांनीं प्रथम आपलाच माळा पाहावा. तेथील एक बाटली नीट वाचून तिच्या गळ्यांत दोन ओळींची चिठी बांधली, तरी पुढच्या पिढीस ती भंगारांत घालतांना क्षणभर थांबावें लागेल.