बाकड्याचा बोल्ट कुणी पाहिला?

मारुतीने ओम्नी बनवणे २०१९ मध्ये थांबवले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सर्वांत तरुण ओम्नीसुद्धा जुनीच गाडी आहे, आणि बाकीच्या तिच्याहून कितीतरी म्हाताऱ्या. महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत या गाड्यांना आता मुख्यतः एकच काम उरले आहे : सकाळी मुलांना शाळेत सोडायचे आणि दुपारी घरी आणायचे. ते काम परवडावे म्हणून अनेक गाड्यांची मागची मूळ सीट काढली जाते आणि तिच्या जागी कोपऱ्यावरच्या गॅरेजात बनवलेली बाकडी ठोकली जातात. ओम्नीची जागा घेणाऱ्या ईकोतही हेच चालते. मुले किती कोंबली, चालक कसा आहे, यावर आपण पुष्कळ बोलतो. मुले ज्यावर बसतात त्या बाकड्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

हे बाकडे तयार कसे होते? चौकोनी लोखंडी पाइप कापून सांगाडा जोडतात, वर प्लायवूड, त्यावर बाजारातला फोम आणि वरून रेक्झिन. सांगाड्याचे पाय गाडीच्या तळाला अँगल आणि बोल्टने आवळतात. घाई असेल तर पत्र्याच्या स्क्रूवरही भागते. गाडीचा तळ म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पत्रा. कंपनी सीट बसवते तेव्हा त्या ठिकाणी पत्र्याला आतून जाड पट्टी देते, नट तळालाच वेल्ड केलेले असतात आणि बोल्ट ठरावीक ताकदीचे असतात. गॅरेजवाला ड्रिल मारतो आणि वॉशर टाकतो. मुंबई-कोकणातले पंधरा पावसाळे खाल्लेल्या पत्र्यात असे भोक पाडले की त्याच भोकाच्या कडेने गंज धरतो. वरचे रेक्झिन मात्र नवे कोरे असते, कधी त्यावर कार्टूनही छापलेले असते. पालकांना दिसते ते एवढेच.

ओम्नी मुळातच छोटी. लांबी ३३७० मिलिमीटर, रुंदी १४१० मिलिमीटर. तिचे इंजिन पुढच्या सीटखाली आहे, त्यामुळे चालकाच्या गुडघ्यांपुढे पत्रा आणि काच यांखेरीज फारसे काही नाही. धडक झाली तर चुरगळून धक्का शोषून घेईल असा भाग ना पुढे ना मागे. ईकोची कथा वेगळी नव्हती : २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या वाहनसुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने एअरबॅग नसलेली ईको आदळवून पाहिली, तेव्हा प्रौढांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. ही चाचणी कंपनीने बसवलेल्या सीटवर, पट्टा लावलेल्या पुतळ्यांची होती. आपण त्याच जातीच्या गाडीत आडव्या बाकड्यावर, पट्ट्याशिवाय पहिलीतले पोर बसवतो.

चालक सांगतात की समोरासमोर सीट तर कंपनीनेच दिली होती. खरे आहे, आठ आसनी ओम्नीत तशी रचना होती. पण ती सीट कारखान्यात बसली होती, आठ जणांसाठी होती, आणि तो काळही वेगळा होता. युरोपीय संघाने नव्या छोट्या वाहनांतल्या आडव्या, म्हणजे बाजूला तोंड असलेल्या, सीट २००७ पासून बंद केल्या त्यामागे कारण आहे. आडवे बसलेले शरीर धडकेच्या दिशेने बाजूला फेकले जाते आणि सगळा भार मानेवर व कमरेवर तिरपा येतो. तिथे पट्टा बांधला तरी तो नीट वाचवत नाही.

शाळकरी पदार्थविज्ञानाचा थोडा हिशेब करू. ताशी ४० किलोमीटर हा शहरातला सौम्य वेग. त्या वेगाने जाणारी व्हॅन एखाद्या ट्रकच्या मागच्या बाजूवर आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूला गुरुत्वाकर्षणाच्या ११ पटींहून अधिक झटका बसतो. वीस किलोचे मूल त्या क्षणी सव्वादोनशे किलोच्या जोराने पुढे फेकले जाते. पंधरा किलोचे रिकामे बाकडे १७० किलोचा घण होते. बाकड्यावर सहा मुले असतील, तर त्यांना अडवायला तेराशे किलोंहून जास्त जोर लागेल, आणि तो जोर पेलायचा आहे चार बोल्टांनी, गंजक्या पत्र्यात. बोल्ट सुटले तर मागचे बाकडे पुढच्या मुलांच्या पाठीत शिरते. पाइपांची टोके बहुधा उघडीच सोडलेली असतात, त्यांना साधे प्लास्टिकचे टोपणही नसते. याच वेगाने उघड्या जमिनीवर पडायचे तर सहा मीटरांवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून, उडी मारावी लागेल.

हे गणित अवघड नाही आणि ते तपासायची यंत्रणा काही परदेशात नाही. पुण्यात कोथरूडच्या वेताळ टेकडीवर ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ पासून आहे. गाड्यांच्या सीट, त्यांचे तळ, पट्ट्यांची बांधणी यांच्या चाचण्या तिथे होतात. देशभर लागू असलेली वाहन-मानके घडवण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या नियमावलीशी आपली सीटची मानके मिळतीजुळती आहेत, तिच्यात सीट व तिची पकड यांना २० पट झटका सोसून दाखवावा लागतो. आतल्या कापडाने आणि फोमने किती वेगाने पेट घ्यावा यालाही मर्यादा आहे. या टेकडीवर कुठल्याही कंपनीची नवी सीट पास होताना घाम फुटतो, आणि टेकडी उतरून खाली आले की एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये सीट एका दुपारीत तयार होते, तिला कुणी काही विचारत नाही.

बाकड्याखाली काय आहे, हा त्याहून गंभीर प्रश्न. अनेक जुन्या व्हॅन गॅसवर चालतात आणि बाहेरून बसवलेल्या किटची टाकी बहुधा मागच्या सीटच्या पाठीमागे येते. सीएनजी टाकीत भरला जातो सुमारे २०० बार दाबाने. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास शंभरपट. म्हणूनच टाकीची जलदाब चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते आणि त्या चाचणीच्या तारखेची पट्टी गाडीवर असावी लागते. गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरवतात तेही याचसाठी. व्हॉल्व्हमधून गळती झालीच तर वायू गाडीत न साठता बाहेर जावा अशी पिशवी आणि नळी असते. आता या टाकीवर पेटीसारखे बाकडे बसवले की व्हॉल्व्ह झाकला जातो, नळी दबते, तारखेची पट्टी दिसेनाशी होते. आणि टाकीच्या उशाशी बाकड्याचे वेल्डिंग करणारेही आहेत! ज्या गाड्यांत घरगुती सिलिंडरमधला गॅस चोरून भरला जातो, त्यांच्याविषयी तर न बोललेलेच बरे.

आग लागली तर बाहेर कसे पडायचे? मागचा दरवाजा आतून उघडण्याची सोय सहसा नसते. सरकत्या दरवाजाच्या वाटेत बाकड्याचे टोक आणि दप्तरांचा ढीग. पंजाबातल्या संगरूर जिल्ह्यात लोंगोवाल येथे १५ फेब्रुवारी २०२० रोजी शाळेच्या एका जुन्या व्हॅनला आग लागली. आत बारा मुले होती, चार दगावली. व्हॅनमधल्याच एका शाळकरी मुलीने काच फोडून चौघांना बाहेर काढले आणि शेतातले लोक धावत आले, म्हणून आकडा तिथे थांबला. त्यानंतर पंजाबात तपासणीची मोहीम झाली. महाराष्ट्राने लोंगोवालची बातमी वाचली आणि पान उलटले.

कायदा अपुरा आहे असे म्हणायलाही जागा नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याशिवाय नेले तर एक हजार रुपये दंड आहे. प्रत्यक्षात रस्त्यावर पावती फाटते ती बहुतेक वेळा जादा प्रवाशांची, डोक्यामागे दोनशे रुपये. मुले मोजणे सोपे. बाकड्याखाली वाकून बोल्ट पाहायला गुडघे टेकावे लागतात.

आरटीओच्या पासिंगच्या दिवशी तर बाकडे गाडीत नसतेच. मूळ सीट माळ्यावरून खाली येते, चार बोल्ट आवळले जातात, प्रमाणपत्र मिळते आणि संध्याकाळी सीट परत माळ्यावर जाते. हे गुपित नाही, धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पिवळ्या पाटीच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि नंतर दरवर्षी हे नाटक करावे लागते. पांढऱ्या पाटीच्या खासगी व्हॅनला तेही नको. तिला पंधरा वर्षे कुणी बोलावत नाही. अशा व्हॅनमध्ये भाडे घेऊन मुले नेली आणि अपघात झाला, तर खासगी वापराची विमा पॉलिसी हात वर करू शकते. ज्या पालकांना हे माहीत आहे त्यांनी एकदा व्हॅनच्या पाटीचा रंग आठवून पाहावा.

उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ अपघाती निधन झाले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. पुढे बसलेले दोघे वाचले. त्यानंतर दोन महिन्यांत मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सर्वांना पट्टा सक्तीचा केला. योग्यच केले. पण मागच्या सीटची ही जाग महागड्या मोटारींपाशीच थांबली. ज्या गाडीत पट्टा अडकवायला मूळ सीटच शिल्लक नाही, तिच्यापर्यंत ती पोहोचलीच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीला आल्यावर शाळांत सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची पडताळणी यांवर सरकारने भर दिला, त्याचीही गरज होतीच. व्हॅनमध्येही कॅमेरा बसवला तर तो चालकावर नजर ठेवील. पण बाकडे उखडताना तो फक्त चित्रण करील.

व्हॅनवाल्या काकांना खलनायक ठरवून हा विषय संपणार नाही. यांतले बरेच जण वर्षानुवर्षे मुलांना नावाने ओळखतात, पाऊस असला तर जिन्यापर्यंत सोडतात, आईला यायला उशीर झाला तर थांबतात. गॅस महागला, गाडीचा देखभालखर्च वाढला, आणि महिन्याचे पैसे वाढवायचे म्हटले की त्याच इमारतीतले पालक दुसऱ्या व्हॅनची चौकशी सुरू करतात. मग पाचाच्या जागी दहा मुले हा एकच मार्ग उरतो आणि दहा मुले बसवायची तर बाकडे हवेच. या बाकड्याचे खरे गिऱ्हाईक चालक नसून आपण आहोत. शाळांचेही तसेच. फी घेताना मूल शाळेचे, फाटकाबाहेर पाऊल पडले की पालकांचे! महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनी प्रत्येक शाळेत परिवहन समिती नेमायला सांगितले आहे आणि तिचे अध्यक्षपद मुख्याध्यापकांकडे दिले आहे. किती समित्यांनी एखाद्या व्हॅनचे बाकडे उचलून खाली पाहिले असेल?

उद्या सकाळी सगळ्या जुन्या व्हॅन बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. तसे झाले तर तीच मुले रिक्षात पुढच्या दांडीवर किंवा स्कूटरवर तिघांत चौथे म्हणून बसतील. पण पंधरा वर्षांवरची ओम्नी शाळेच्या कामातून काढण्याची तारीख सरकारने आजच जाहीर करावी आणि नवी गाडी घेणाऱ्या चालकाला कर्जाच्या व्याजात सवलत द्यावी. उरलेल्या गाड्यांसाठी एआरएआयकडून चाचणी केलेली, पुढे तोंड असलेली, पट्ट्यांसह सीट ठरावीक किमतीत उपलब्ध करून द्यावी. एसटीच्या कार्यशाळांतून ती बसवून घेता येईल. आसने कमी होतील, महिन्याचे पैसे वाढतील. ते पालकांनी द्यावेत, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी महापालिकांनी आपल्या बससेवेच्या फेऱ्या शाळेच्या वेळेला जोडाव्यात. पासिंगच्या वेळी मागच्या भागाचे छायाचित्र काढून ते गाडीच्या नोंदीला जोडावे आणि त्याची प्रत शाळेत लावावी, म्हणजे माळ्यावरच्या सीटचा खेळ संपेल. याला नवा कायदा लागत नाही. परिवहन आयुक्तांचे एक परिपत्रक पुरेल.

शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात, विदर्भात थोड्या उशिरा. बाकडी बनतात त्याआधी, मेच्या सुट्टीत, गाड्या रिकाम्या उभ्या असताना. आरटीओच्या वायुवेग पथकांनी जूनमध्ये महामार्गावर उभे राहण्याऐवजी मे महिन्यातच गॅरेजांच्या गल्ल्यांत फिरावे. तेव्हा सांगाडे उघडे असतात, पाइप मोजता येतात, टाकीवरची तारीख वाचता येते आणि गाडीत एकही मूल नसते.