कोड सगळ्यांना दिसतो, डायग्राम कुणालाच नाही

प्रति,
मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सांगलीत मी मोटारींच्या वायरिंगचं काम करतो. पूर्वी आमचं दुकान सेल्फ, डायनॅमो आणि हेडलाइटवर चालायचं. आता गाडीत इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग अशा प्रत्येकाचं वेगळं मॉड्यूल असतं आणि पीळ दिलेल्या दोन तारांवरून, म्हणजे कॅन लाइनवरून, ही मॉड्यूलं एकमेकांशी सतत बोलत असतात. बॉशने ही पद्धत 1986 मध्ये जगापुढे मांडली. आज साध्या हॅचबॅकमध्येही ती असते.

तक्रार ठरलेली. सेल्फ फिरतो, इंजिन लागत नाही, डॅशबोर्डवर चार-पाच दिवे एकदम पेटलेले. स्कॅनर लावला की ब्रेकच्या मॉड्यूलमध्ये 'यू 0100' सापडतो : इंजिनाच्या मॉड्यूलशी, म्हणजे ईसीएमशी, संपर्क तुटला. तेवढ्यावर गिऱ्हाइकाच्या हातात नव्या ईसीएमचं एस्टिमेट पडतं. हा कोड म्हणजे शाळेच्या हजेरीपटावरची गैरहजेरी. पोरगं आलं नाही एवढंच त्यातून कळतं. तापाने पडलंय की वाटेतला ओढा भरून वाहतोय, ते कळत नाही.

कारण शोधायला लाखांचं यंत्र लागत नाही. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये 16 नंबरच्या पिनेला करंट आणि 4, 5 ला अर्थिंग आहे का, हे आधी पाहायचं. मग बॅटरीची केबल काढून, थोडं थांबून, 6 आणि 14 या कॅन लाइनच्या पिनांमध्ये ओहम मोजायचे. लाइनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून मल्टिमीटरवर 60 च्या आसपास आकडा यायला हवा. 120 आला तर लाइन कुठेतरी तुटलीय किंवा एक टोक सुटलंय. शून्याजवळ आला तर दोन तारा एकमेकींना टेकल्यात, नाहीतर एखादं मॉड्यूल आतून शॉर्ट झालंय. मग एकेक कपलर काढत आकडा कुठे सुधारतो ते बघायचं. आणि 60 येऊनही ईसीएम गप्प असेल, तर त्याचा फ्यूज, रिले आणि अर्थिंग. इथे नुसत्या मीटरवर भरवसा ठेवू नये. एकच धागा शिल्लक राहिलेली तारही मीटरवर 12 व्होल्ट दाखवते. हेडलाइटचा बल्ब जोडून बघितला की तिचं पितळ उघडं पडतं.

आमच्याकडे 2019 आणि 2021 ला महापूर आला. पाण्यात बसलेल्या गाड्या ऑइल बदलून, कार्पेट वाळवून रस्त्यावर आल्या, पण कपलरमधल्या पिनांवर हिरवा थर चढतच राहिला. कित्येक गाड्या महिन्यांनी बंद पडल्या. त्यातलीच एक, एका सर्व्हिस सेंटरने ईसीएम बदला म्हणून सांगितलेली, माझ्याकडे आली. दोष निघाला डाव्या हेडलाइटमागे, बॉडीला बोल्टने आवळलेल्या अर्थिंगच्या थिंबलमध्ये. वरून टेप शाबूत, आत तांब्याची भुकटी. थिंबल बदललं, गाडी सुरू झाली. पण ती जागा सापडेपर्यंत अर्ध्या हार्नेसची टेप सोलावी लागली, कारण त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम मला कुठूनही मिळाला नाही.

माझं मागणं त्या डायग्रामचं आहे. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत सॉकेट आणि आतल्या लाइनींच्या मध्ये गेटवे मॉड्यूल बसवलेलं असतं. तिथे 6 आणि 14 वर मोजून आतल्या लाइनीचं काहीच कळत नाही. कुठली तार कुठे जोडलीय, रेझिस्टर कुठल्या मॉड्यूलमध्ये आहे, हे कागदावर समोर नसेल तर चांगला कारागीरही अंदाजपंचे काम करतो आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक भरतं.

ही तक्रार नवी नाही. 25 ऑगस्ट 2014 ला भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग, तपासणीची साधनं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांना न देण्याबद्दल 14 मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या. 2022 मध्ये आपल्या विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, तिच्या यादीत मोटारी होत्या, आणि डिसेंबरात पोर्टलही सुरू झालं. गाडीमालकाला पोर्टलवरची सर्व्हिस सेंटर आणि वॉरंटीची माहिती हवी असते हे खरं, पण गॅरेजवाल्याचं त्यावर भागत नाही. युरोपने 2007 च्या आपल्या नियमात, बाहेरच्या गॅरेजांना कंपन्यांनी काय काय द्यायचं त्या यादीत, वायरिंग डायग्रामचं नाव घातलं. आपल्याकडेही तसंच नाव घालून लिहावं लागेल. 'आवश्यक माहिती' असं मोघम लिहिलं की काय आवश्यक ते कंपनीच ठरवणार.

कंपन्या चोरीचा मुद्दा काढतील. तो अगदीच खोटा नाही. किल्ली जोडणं, इमोबिलायझरचे कोड, ईसीएमचं प्रोग्रॅमिंग त्यांनी कुलपात ठेवावं, माझी हरकत नाही. पण अर्थिंगचा बोल्ट कुठे आहे हे कळल्याने कुणाची गाडी चोरीला जात नाही.

फुकट द्या असंही म्हणत नाही. फी जरूर ठेवा, फक्त ती एका गाडीच्या किंवा एका दिवसाच्या हिशोबाने ठेवायला लावा. गाडी दारात उभी असते त्या दिवशी आमच्यासारखा गॅरेजवाला पैसे भरेल. वर्षाची वर्गणी त्याला झेपायची नाही.

आपला,
सांगलीतला एक ऑटो इलेक्ट्रिशियन