आगीसाठीचे पाणी केवळ शहरालाच?

1992 साली राज्यघटनेत 73वी व 74वी दुरुस्ती झाली. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा आली. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत लघुपाटबंधारे, ग्रामीण गृहनिर्माण व पिण्याचे पाणी आले. आग मात्र वगळली गेली. पाणीपुरवठ्याच्या 1999 सालच्या केंद्रीय मार्गदर्शिकेतही अग्निशमनाच्या पाण्याचे सूत्र 50,000 हून अधिक लोकवस्तीसाठीच होते. जलजीवन मिशनचे माणशी 55 लिटर हे तर निव्वळ घरगुती वापराचे माप. गरिबाचे छप्पर पेटतच नाही, असे नियोजनकारांनी गृहीत धरले आहे काय?

उसाच्या फडाला पाटाचे पाणी मिळते. त्याच फडाशेजारी तोडणी कामगारांची पाचटाची कोपी पेटली, तर धावाधाव हंडा-कळशीनेच करावी लागते! पाणी जवळ असूनही हक्क नाही, हे खरे दुखणे आहे. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पुरंदर तालुक्यात भूमिहीनांनाही सिंचनाच्या पाण्यात वाटा दिला. पाण्याचा हक्क माणसाचा आहे, हे तिने कृतीने सिद्ध केले.

तोच न्याय वस्तीलाही लावला पाहिजे. घरकुलांच्या आराखड्यातच टाकीच्या तळाचा साठा आगीसाठी राखावा. रोजच्या वापराची वाहिनी त्याच्या वरून काढावी. पाटावरून वा शेततळ्यावरून वस्तीपर्यंत नळ टाकून डिझेल पंप सज्ज ठेवावा. शेतीची वीज आगीची वेळ पाहून येत नाही. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडणे प्रत्येक कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.