मोटारीची कमान किती ताठ असावी?

मराठी शिकविणाऱ्या बाईंनी मोटारीच्या स्प्रिंगांविषयी लिहावे, हे पाहून तुमच्यापैकी पुष्कळांना हसू येईल. प्रथम मलाही आले होते. परंतु गतवर्षी आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या मोटारीच्या चारही स्प्रिंगा काढून त्यांच्या जागी दुपटीने ताठ अशा स्प्रिंगा बसविल्या, आणि पुढच्याच महिन्यापासून त्याची आई बेळगावला एस्. टी.ने जाऊ लागली. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे.

हा तरुण निपाणीचा. रोज सकाळी सीमा ओलांडून कागलच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो आणि रात्री परततो. त्याची मोटार जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. तीही आईच्या भिशीच्या पैशांची भर पडली म्हणून घरात आली. आईला पाठीचे दुखणे आहे. महिन्यातून एकदा बेळगावला वैद्यांकडे जावे लागते, आणि मोटार घेताना तेच मुख्य कारण सांगितले गेले होते. रविवारी मात्र ही मोटार वेगळेच रूप धारण करते. ऑटोक्रॉस या नावाचा एक खेळ आहे. मोकळ्या मैदानावर खुणा रोवून वळणावळणाचा मार्ग आखतात आणि घड्याळ लावून तो कोण लवकर पार करतो, हे पाहतात. आपल्याकडे तो बहुधा मातीवर खेळला जातो. कोल्हापूर-पुण्याकडे या छंदाची मंडळी पुष्कळ आहेत. नाशिकला तर राष्ट्रीय रॅली मालिकेच्या फेऱ्याही झालेल्या आहेत. बैलगाड्यांच्या शर्यतींवर जीव टाकणाऱ्या आपल्या मुलुखातील पोराला असल्या खेळाचे वेड लागले, यात नवल ते कोणते? मी त्याला दोष देत नाही. सार्वजनिक रस्त्यावर वेग दाखविण्यापेक्षा मैदानात, नियमांखाली, डोक्यावर शिरस्त्राण घालून तो दाखविणे केव्हाही चांगले.

माझा वाद आहे तो स्प्रिंगांविषयी. त्याचे म्हणणे असे : "बाई, मऊ गाडी वळणावर डोलते. डोलली की वेळ जातो." हे म्हणणे खोटे नाही. पण ते अर्धे आहे.

आमच्या विज्ञानशिक्षकांपाशी बसून मी जे समजून घेतले, ते सांगते. स्प्रिंगेवर जितके बल द्यावे तितक्या प्रमाणात ती दबते, हा नियम रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केला. समजा, मोटारीच्या एका चाकावर २५० किलो वजन आहे आणि तेथील स्प्रिंग एक मिलिमीटर दाबण्यास २० न्यूटन, म्हणजे सुमारे दोन किलो भार लागतो. तर मोटार नुसती उभी असताना ती स्प्रिंग सुमारे १२ सेंटिमीटर दबलेली राहील. आता तीच स्प्रिंग दुपटीने ताठ करा. ती केवळ ६ सेंटिमीटर दबेल. पहिल्या गाडीचा हेलकावा सेकंदाला सुमारे १.४ वेळा होईल, दुसरीचा सुमारे २ वेळा. आकडे पाहून फरक किरकोळ वाटतो. आईच्या पाठीला तो किरकोळ वाटला नाही.

खरी मेख मात्र त्या सेंटिमीटरांत आहे. चाक खड्ड्यात उतरते तेव्हा दबलेली स्प्रिंग सुटते आणि चाकाला जमिनीकडे ढकलते. मऊ स्प्रिंगेजवळ असे ढकलण्यासाठी १२ सेंटिमीटरांची शिल्लक आहे, ताठ स्प्रिंगेजवळ सहाचीच. सहा सेंटिमीटरांहून खोल खड्डा आला, की क्षणभर चाकावर भारच राहत नाही. भार नाही तेथे पकड नाही. पकड नाही तेथे ब्रेक काय करील आणि सुकाणू तरी काय करील? उसाच्या हंगामात ट्रॅक्टरांच्या दोन-दोन ट्रॉल्यांनी उखडलेला आपल्याकडील एखादा आडरस्ता डोळ्यांसमोर आणा, आणि सहा सेंटिमीटर बोटांनी मोजून पाहा.

मी हे अनुभवलेही आहे. स्तवनिधीच्या घाटातून परत येताना मी त्या मोटारीत मागे बसले होते. वेग फार नव्हता. रस्ता नुकताच पावसाने खडबडीत झालेला. एका वळणावर मोटारीचा मागचा भाग दोनदा उडी मारून हातभर बाजूला सरकला. चालकाने तो कौशल्याने सावरला हे मान्य करते. पण ताठ स्प्रिंगांमुळे मोटार रस्त्याला अधिक चिकटून धावते, ही समजूत माझ्यापुरती त्या वळणावर संपली.

वळणावर आतील चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. एकूण किती भार सरकावा, हे मोटारीच्या वजनावर, तिच्या गुरुत्वमध्याच्या उंचीवर, दोन चाकांमधील रुंदीवर आणि वळणाच्या जोरावर ठरते. स्प्रिंगेच्या ताठपणाने ते एकूण माप जवळजवळ बदलत नाही. बदलते ते इतकेच, की त्यातला किती वाटा पुढच्या चाकांनी उचलावा आणि किती मागच्यांनी. ताठ स्प्रिंगेमुळे मोटार कमी कलते, टायर जमिनीवर अधिक सरळ राहतो, चालकाच्या हाताला उत्तर लवकर मिळते. हे लाभ खरे आहेत. परंतु ते गुळगुळीत डांबरावर पूर्णपणे पदरात पडतात. अमेरिकेत हा खेळ मोठमोठ्या फरसबंद मैदानांवर खेळतात. चिकट टायरांमुळे तेथे वळणाचा जोर फार असतो, म्हणून मोटार फार कलते, म्हणून तेथे ताठ स्प्रिंगांची गरज भासते. मातीवर चाक मुळातच लवकर घसरते. वळणाचा जोर कमी, म्हणून कलणेही कमी. मग ज्या रोगाची लक्षणेच नाहीत त्याचे औषध आपण का घ्यावे? शिवाय त्या अमेरिकेतसुद्धा 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' या संस्थेच्या स्पर्धांत रोजच्या वापरातील गाड्यांसाठी असा एक विभाग आहे, की ज्यात मूळ स्प्रिंगा बदलण्यास बंदी आहे. आमच्या तरुणाला ही गोष्ट कोणी सांगितली नव्हती.

स्वस्तातला मार्ग म्हणून काही जण स्प्रिंगेचे वेढेच कापतात. सहा वेढ्यांची पाच झाली की ताठपणा वीस टक्क्यांनी वाढतो, हे गणित बरोबर आहे. पण कापलेले टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक उडाले की स्प्रिंग जागेवरून निसटण्याचे भय राहते. जाड तारेचे प्रकरण तर याहून फसवे. तार १२ मिलिमीटरांऐवजी १३ ची घेतली, तर बाकी सारे तेच असताना ताठपणा सुमारे ३८ टक्क्यांनी चढतो, कारण तो तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. नुसत्या डोळ्यांना तो एक मिलिमीटर दिसतही नाही. आणि स्प्रिंग दुप्पट ताठ झाली की तिचा हेलकावा शमविणारा शॉक ॲब्सॉर्बरही सुमारे ४१ टक्के अधिक जोराचा लागतो. तो बहुधा जुनाच राहतो. मग मोटार धक्के तर देतेच, वर डुलतेही. दोन्हीकडून तोटा! शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे. कारखान्याने ठरविलेल्या मूळ रचनेपासून नोंदणीपत्रातील बाबी बदलतील असे फेरफार त्याने मना केले आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत ते स्पष्ट केले. मोटारीस हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे.

आपल्या भागातील जुने मिस्त्री याबाबतीत अधिक समंजस वाटतात. पाटे चढविण्यापूर्वी ते विचारतात, "माल किती भरणार? रस्ता कुठला?" बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या परिसरात ज्या जिप्सी मोटारी तुम्ही पाहिल्या असतील, त्यांच्या चारही चाकांवर असे पाटेच होते, आणि १९८५ मध्ये आलेल्या त्या गाडीने आपल्या देशात रॅलीही गाजविल्या. ती काही गादीसारखी मऊ नव्हे. पण तिच्या चाकांना खालीवर होण्यास जागा होती.

आमच्या घरच्या कोंकणीत मऊ या अर्थी 'मोव' असा शब्द आहे. तो भातालाही लावतात आणि माणसाच्या स्वभावालाही. मोटारीला तो लावल्याचे मी ऐकले नव्हते. आता मीच लावते.

तेव्हा माझे मत असे, की जी मोटार आठवड्याचे सहा दिवस घरची आहे आणि एक दिवस मैदानाची, तिची स्प्रिंग त्या सहा दिवसांच्या रस्त्याने ठरवावी. पैसा खर्चायचाच असेल तर तो आधी चांगल्या टायरांवर आणि चांगल्या शॉक ॲब्सॉर्बरांवर खर्चावा. टायरातील हवेचा दाब स्पर्धेपूर्वी बदलून पाहण्यास तर काहीच लागत नाही. एवढे करूनही मोटार फार डोलते असे वाटले, तर मूळ स्प्रिंगेपेक्षा दहा-वीस टक्के ताठ घ्यावी, आणि ती घेण्यापूर्वी मागच्या आसनावर जी माणसे बसतात त्यांना एकदा तेथे बसवून निपाणी-मुरगूड रस्त्याने फिरवून आणावे. हा शेवटचा उपाय कोणत्याही मोटार-ग्रंथात आढळणार नाही.

आमच्या तरुणाने दिवाळीच्या सुट्टीत जुन्या स्प्रिंगा पुन्हा चढविल्या. त्यानंतरच्या स्पर्धेत त्याला क्रमांक मिळाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र ताठ स्प्रिंगांवरही तो मिळाला नव्हता. आई आता पुन्हा मोटारीने बेळगावला जाते, तरी निघताना एस्. टी.चे वेळापत्रक मुलाला विचारून घेते. मागील बाजूस एक आडवा दांडा बसविला म्हणजे स्प्रिंग न बदलता डोलणे कमी होते, असे त्याने परवा मला सांगितले. विज्ञानशिक्षक म्हणतात, त्यात तथ्य आहे. ते दोघे सध्या शाळेच्या व्हरांड्यात कागदावर आकृत्या काढीत बसतात.