सीमेपलीकडून येणारी बंदूक

बंदूक बाळगणे हा अमेरिकेत घटनेने दिलेला हक्क. शेजारच्या कॅनडात मात्र प्रशिक्षण आणि परवान्यानंतर मिळणारी मुभा. एप्रिल २०२० मध्ये नोव्हा स्कॉशियात एका बंदूकधाऱ्याने २२ जणांचे बळी घेतले. दोन आठवड्यांच्या आत कॅनडाने सुमारे १,५०० प्रकारच्या बंदुकांवर बंदी घातली. २०२२ मध्ये पिस्तुलांची खरेदी-विक्रीही गोठवली. हे दोन्ही निर्णय मला मनापासून पटतात. परवानाधारक नेमबाज चिडले, आणि त्यांच्या रागात तथ्य आहे: त्या मारेकऱ्याकडे परवानाच नव्हता, शिवाय त्याची काही शस्त्रे अमेरिकेतल्या मेन राज्यातून चोरट्या मार्गाने आलेली होती. कॅनडाच्या संसदेने कितीही कडक कायदा केला, तरी मेनमधल्या विक्रीवर तिचा अधिकार चालत नाही. अमेरिकेतल्या हक्काची किंमत कॅनडातले लोक मोजतात, आणि त्यांना तिथे मतदानही करता येत नाही.